डब्लिनचे नदीकाठचे बाक

संकल्प सोडताना आपण कोठे बसलो आहोत हे सांगावे लागते. द्वीप, खंड, देश, नदी आणि नदीचा कोणता तीर, असे मोठ्याकडून लहानाकडे येत येत माणूस आपल्या आसनापर्यंत पोहोचतो. साताऱ्यात शाळेत संस्कृत शिकवत होतो तोवर कृष्णेचे नाव जिभेवर आपोआप येई. चार वर्षांपूर्वी आम्ही दोघे मुलीकडे, ओहायोतल्या डब्लिन नावाच्या गावी कायमचे राहायला आलो आणि पहिल्याच सकाळी मी पळीत पाणी घेऊन अडलो. भरतखंड म्हणावे तर ते असत्य झाले असते. इकडच्या मंदिरातल्या गुरुजींनी एका द्वीपाचे नाव सुचवले. ते शास्त्राला कितपत धरून आहे याविषयी मी आजही निःशंक नाही. नदीचे मात्र मीच ठरवले. घरापासून जवळच सायोटो नदी वाहते. तेव्हापासून मी रोज 'सायोटोनद्याः पश्चिमे तीरे' असे म्हणतो.

पहिल्या दिवशी ते ऐकून पत्नी स्वयंपाकघरातून म्हणाली होती, "अहो, झिपकोडही सांगा, म्हणजे देव शेजाऱ्यांकडे जायचा नाही."

इतक्या काळजीने रोज आपला पत्ता उच्चारणाऱ्या माणसाच्या हातून पुढचा प्रकार घडला, म्हणून तो लिहून ठेवावासा वाटतो. त्याचा पूर्ण उलगडा मला अजून झालेला नाही.

पूजा आटोपली की वर्तमानपत्र वाचायचे, ही माझी पन्नास वर्षांची सवय. इकडे दारात येते ते जाहिरातींचे भेंडोळे. मुलीने मला एक टॅब दिला आणि म्हणाली, "बाबा, सगळे पेपर यात आहेत, फक्त सर्च करा." साताऱ्याच्या बातम्या वाचून जिवाला लागलेली हुरहुर वाढते, असा अनुभव होता. ज्या गावचे पाणी पितो त्या गावाची वार्ता आपल्याला असावी, असा विचार करून होळीनंतर एके दिवशी मी 'डब्लिन, राजकारण, नगर' असे शब्द त्यात घातले. त्यातून एक ब्लॉग सापडला.

लिहिणारा कोणी निवृत्त पत्रकार होता. वर्तमानपत्रातली नोकरी सोडून तो आता स्वतःच रोज सकाळी लिहीत असे. त्याची पद्धत पाहून मी थक्क झालो. तो आदल्या दिवशीच्या एखाद्या अग्रलेखातले वाक्य जसेच्या तसे वर द्यायचा आणि खाली त्याच्यावर लिहायचा. आधी समोरच्याचे म्हणणे पूर्ण आदराने मांडायचा, मग त्यातला एकेक शब्द उकलायचा, शेवटी आपले मत सांगायचा. पूर्वपक्ष, खंडन, सिद्धान्त, सगळे क्रमवार. त्याच्या भाष्याखाली वाचकांच्या टीका, त्या टीकांवर उपटीका, आणि पानाच्या तळाशी दोघेजण मूळ विषय विसरून एका स्वल्पविरामावरून भांडत असलेले. पाठशाळेतले माझे दिवस परत आल्यासारखे वाटले. एका परक्या देशात, राजकारणासारख्या विषयासाठी, कोणी ही परंपरा अजून जपते आहे, या विचाराने मला गहिवरून आले.

काही गोष्टी समजत नव्हत्या, हे खरे. दोन मोठ्या पक्षांमध्ये मतभेद काय आहे ते मला शेवटपर्यंत कळले नाही. दोघांचे म्हणणे एकच, तरीही वैर पिढीजात. मुख्य पुढाऱ्याला ते एक विलक्षण उपाधी लावत. मी ती अक्षरे 'ताओइसीच' अशी वाचत असे आणि तिचा धातू शोधण्यात माझ्या दोन दुपारी गेल्या. पण आमच्या या डब्लिनमध्ये पाट्यापाट्यांवर आयर्लंडचे तिपानी गवत काढलेले आहे, गल्ल्यांना आयरिश नावे आहेत, उन्हाळ्यात हिरवे सदरे घातलेले लोक मैदानावर जमून पिशवीसारखे वाद्य वाजवतात. तेव्हा गावच्या मुख्यालाही हौसेने तिकडची उपाधी देत असतील, असे मी धरून चाललो. एकदा मुलीला विचारलेही, "आपल्या गावचा ताओइसीच माणूस म्हणून कसा आहे?" ती लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाली, "बाबा, मी कॉलवर आहे. थाई फूड हवं असेल तर ऑर्डर करते."

आणखी एक सांगितलेच पाहिजे. त्या ब्लॉगवर 'कलर' या शब्दात यू असे आणि 'सेंटर'च्या शेवटी आधी आर, मग ई. मला शाळेत शिकवले होते अगदी तसे. अमेरिकेत निदान एक माणूस शुद्धलेखनाची चाड ठेवतो, याचे मला इतके समाधान वाटले की, तो एकटाच का ठेवतो, हा प्रश्न माझ्या मनात आला नाही.

दुपारच्या चहाला मी त्यातले निवडक पत्नीला मराठीत सांगत असे. तिला राजकारणात रस नाही. तिचे सगळे लक्ष गुडघ्यांकडे असते. दोन्ही गुडघे इतके झिजलेले की डॉक्टरांनी बजावून ठेवलेले, रोज चालाल तोवर चालाल. नदीकाठच्या पायवाटेवर बाक आहेत. घरून निघून ती पहिल्या बाकापर्यंत जाते, बसते, दुसऱ्यापर्यंत जाते, बसते, आणि तिथून परत फिरते. तिसरा बाक फार दूर आहे, वळणापलीकडे. ते दोन बाक म्हणजे तिचे या देशातले सगळे जग. घराबाहेरचे जे काही तिने पाहिले आहे, ते त्या दोन फळ्यांवर बसून.

गणपती विसर्जन होऊन आठवडा झाला असेल. त्या दिवशीच्या ब्लॉगमध्ये लिहिले होते की, नदीकाठचे बाक उचलण्याचे घाटत आहे. तिथे लोक टोळक्याने बसतात, अशी कोणाचीशी तक्रार होती. ब्लॉगवाला संतापला होता. खाली एका बाईने लिहिले होते की, माझी आई ब्याऐंशी वर्षांची आहे, काठी टेकत एका बाकावरून दुसऱ्या बाकावर अशी ती पावाच्या दुकानापर्यंत जाते. बाक गेले की ती घरातच बसणार.

मी ते पत्नीला वाचून दाखवले. तिने कप खाली ठेवला.

"आपले बाक?"

"नदीकाठचे, असं लिहिलंय."

"मग मी कुठवर जायचं?"

मी ती ओळ पुन्हा वाचली. ती म्हणाली, "आणि ही कोण बाई? तिची आई आपल्याला कधी दिसली नाही वाटेवर. काठीवाली म्हातारी म्हणजे दिसायला हवी होती." त्यानंतर रोज दुसऱ्या बाकावर बसली की ती दोन्ही बाजूंना बघत राही. त्या आईची ओळख करून घ्यायची, असे तिने ठरवून टाकले होते.

मी आयुष्यात प्रथमच एका ब्लॉगखाली अभिप्राय लिहिला. नमस्कारपूर्वक लिहिले की, मी नदीच्या पश्चिम तीरावर राहणारा वृद्ध आहे, माझ्या पत्नीचे चालणे या बाकांवर अवलंबून आहे, सबब ते ठेवावेत. तासाभरात उत्तर आले. कोणी लिहिले होते की, 'युवर मॅन' आज सकाळी रेडिओवर म्हणत होता, बाकांमुळे केर होतो.

तुमचा माणूस! मी हादरलो. ज्याला उभ्या जन्मात पाहिले नाही, असा पुढारी माझ्या गळ्यात बांधला जात होता. मी लगेच खुलासा केला: सदर गृहस्थ माझे नव्हेत, आमची भेट झालेली नाही, मी कोणत्याही पक्षाचा सभासद नाही. त्यावर खाली हसण्याची रांग लागली. शेवटी ब्लॉगवाल्याने स्वतः समजावले की, इकडे 'युवर मॅन' म्हणजे नुसते 'तो अमका'. तो कोणाचाच नसतो, आणि याला तर कोणी घेणारही नाही.

वाचून मी खजील झालो, पण आतून एक दार उघडल्यासारखे झाले. आपणही म्हणतो की, 'मी आपला गप्प बसलो', 'तो आपला निघाला'. त्यातला 'आपला' कोणाचा? कोणाचाच नाही. सर्वनामाने स्वामित्व सोडून दिलेले असते आणि शब्द नुसता मायेपुरता उरलेला असतो. पृथ्वीच्या दोन टोकांच्या भाषांत हे घडावे, याचे मला नवल वाटले. 'इकडे' म्हणजे कुठे, हे मात्र मी त्याही दिवशी विचारले नाही.

लिहिण्याने बाक वाचतील असे दिसेना. मी गावच्या कौन्सिलच्या कचेरीत फोन केला. तिथल्या बाईने सांगितले की, सोमवारी संध्याकाळी सभा आहे, कोणीही रहिवासी येऊन तीन मिनिटे बोलू शकतो. मुलगी कामात होती, तिला सांगितले नाही. माझे एक स्नेही आहेत, चाळीस वर्षे इकडे डॉक्टरी करून निवृत्त झालेले. तेच पत्नीचे गुडघे पाहतात. त्यांना फोन केला.

ते म्हणाले, "काय सांगता शास्त्रीबुवा! बाक काढतायत? मला पत्ताच नाही. मी आपला क्रिकेट बघतो. इतकी वर्षं राहून गावातलं काही माहीत नसतं, तुम्ही आलात म्हणून कळतंय."

या वाक्याने मला जे बळ आले, त्याची आठवण आता नकोशी वाटते.

सोमवारी आम्ही तिघे गेलो. पत्नीने जरीची शाल घेतली होती. सभागृह स्वच्छ, शांत. समोर अर्धवर्तुळात सभासद, मध्ये अध्यक्षबाई. आमच्या आधी एक गृहस्थ झाडांच्या फांद्यांविषयी बोलले. मग माझे नाव पुकारले गेले. मी कागद उघडला. सात वेळा लिहून काढलेले निवेदन होते. वृद्धांना आसन देणे हे कोणत्याही नगराचे पहिले पुण्य आहे, असे मी म्हणालो. टोळक्यांचा बंदोबस्त अन्य मार्गाने करावा, असे म्हणालो. आणि शेवटी विनंती केली की, आमची ही प्रार्थना ताओइसीच महोदयांच्या कानी घालावी.

एक सभासद शेजाऱ्याला हळूच म्हणाले, "कोणाच्या कानी?"

अध्यक्षबाई पुढे झुकल्या. "सर, फार सुंदर बोललात. पण कोणते बाक? आम्ही कुठलाच बाक काढत नाही आहोत." त्यांनी बाजूच्या कर्मचाऱ्याकडे पाहिले, त्याने मान हलवली.

मला वाटले, हे नाकबूल करत आहेत. मी टॅब पुढे केला. "इथे स्पष्ट छापलं आहे. रेडिओवरही आलं आहे."

कर्मचाऱ्याने टॅब त्यांच्यापाशी नेला. बाईंनी चष्मा लावून वाचले, बोटाने वर सरकवले, पुन्हा खाली आणले. त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हते, आणि त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. त्या हळुवारपणे म्हणाल्या, "सर, हे डब्लिन आयर्लंडमधलं आहे."

माझ्या मागे डॉक्टर एवढेच म्हणाले, "अरे देवा."

सहा महिने मी ज्या गावाच्या सुखदुःखात रमलो होतो, ते गाव महासागरापलीकडचे होते. यू घातलेला कलर, ब्लॉगवर रोज पडणारा पाऊस, न सापडलेला धातू, सगळे एका क्षणात आपापल्या जागी जाऊन बसले, आणि मला मात्र बसायला जागा उरली नाही. कागदाची घडी घालावी की तो तसाच धरून उभे राहावे, तेही कळेना.

तेवढ्यात मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. पत्नी उभी राहिली होती. तिला इंग्रजी येत नाही, असे आम्ही सगळेच समजत होतो.

"बेंच वन, ओके," ती बोट वर करून म्हणाली. "बेंच टू, ओके." दुसरे बोट वर झाले. मग तिने हात लांब करून सभागृहाच्या दाराकडे दाखवला. "बेंच थ्री, व्हेरी फार. माय नी स्टॉप. वन मोअर. प्लीज."

आणि मला मराठीत म्हणाली, "आलोच आहोत तर सांगून टाकते."

अध्यक्षबाईंनी विचारले, कोणत्या वळणापाशी? डॉक्टरांनी पुढे होऊन ती जागा नीट समजावली, गुडघ्यांची अवस्थाही सांगितली. कर्मचाऱ्याने लिहून घेतले. "बघू, काय करता येतं," असे बाई म्हणाल्या. तीन मिनिटे केव्हाच संपली होती, पण कोणी घंटा वाजवली नाही.

गाडीत डॉक्टर इतके हसत होते की त्यांना रस्त्याकडे बघा म्हणून सांगावे लागले. पत्नी खिडकीबाहेर पाहत होती. मग म्हणाली, "रोज सकाळी देवाला पत्ता सांगता. स्वतःला कधी विचारलात का?"

घरी मुलीला सगळे कळले. "बाबा, सिक्स मंथ्स तुम्ही आयर्लंडचं पॉलिटिक्स फॉलो करत होतात? सीरियसली?" ती पोट धरून हसली, मग माझ्या पाया पडावे तशी वाकून माझ्याजवळ बसली. "तुम्ही मला विचारलं होतं ना काहीतरी? मी थाई फूड म्हणाले होते."

दुसऱ्या दिवशी मी ब्लॉगवर कबुलीजबाब लिहिला. फसवणुकीचा हेतू नव्हता, गावाच्या नावाने घोटाळा झाला, क्षमा असावी. वाटले होते की आता पुन्हा हसण्याची रांग लागेल. ती लागलीही. पण ज्या बाईची आई काठी टेकत चालते, तिने लिहिले, "आम्ही इतके जण इतके दिवस इथे लिहितो आहोत. बाकांसाठी उठून गेलात ते तुम्ही एकटेच, आणि तेही चुकीच्या गावात." त्याखाली कोणीच काही लिहिले नाही. हे कौतुक होते की खेद, की त्या लोकांच्या बोलण्यात दोन्ही एकच असते, याचा निर्णय मला करता आला नाही. पत्नीला ते वाचून दाखवले तर तिला वेगळेच दुःख झाले. "म्हणजे ती आई इथे नाहीच. मी वाट बघत होते."

ब्लॉग वाचणे मी सोडले नाही. आता ते माझे गाव नाही हे ठाऊक होते, तरी सकाळी तिकडे पाऊस आहे की नाही ते पाहिल्याशिवाय चैन पडत नसे. ताओइसीच म्हणजे आयर्लंडचा पंतप्रधान, आणि त्या शब्दाचा उच्चार मी वाचतो तसा मुळीच नाही, हेही मुलीने ऐकवले. हिवाळाभर पत्नी घरातच होती.

चैत्रात बर्फ पूर्ण गेल्यावर आम्ही पायवाटेवर गेलो. दुसऱ्या बाकावर ती बसली, उठली, आणि सवयीने परत फिरली. मी तिला थांबवले. वळणाच्या अलीकडे एक नवा बाक होता. लाकूड अजून पिवळे, खालचे सिमेंट ताजे. कोणाची पाटी नाही, काही नाही. तो आमच्यासाठीच ठेवला की त्यांच्या यादीत आधीपासून होता, हे मी कोणाला विचारले नाही. तिने माझा हात धरला आणि आम्ही तिथवर गेलो. तिथून नदीचा जो भाग दिसतो, तो तिने चार वर्षांत पाहिला नव्हता. ती कितीतरी वेळ पाण्याकडे बघत बसली.

त्याच आठवड्यात ब्लॉगवाल्याने तीन ओळी लिहिल्या. तिकडचे बाक गेले होते. या वेळी अग्रलेखातले वाक्य नव्हते, भाष्य नव्हते. खाली एकही उपटीका नव्हती.

मी ते पत्नीला सांगावे की नाही, असा दोन दिवस विचार केला. शेवटी नव्या बाकावर बसलो असता सांगितले. तिने लाकडावरून हात फिरवला. "ज्यांच्यासाठी तुम्ही लिहून नेलंत ते बाक गेले, आणि जाता जाता मागितला तो मिळाला," ती म्हणाली. मग म्हणाली, "ती आई आता कुठवर जात असेल हो?"

मी आपला गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आसनावर बसून पळीत पाणी घेतले. द्वीप म्हटले, खंड म्हटले. डब्लिनग्रामे म्हणालो आणि तिथे थांबलो. चार वर्षांत प्रथमच ते नाव उच्चारताना माझ्या डोळ्यांपुढे दोन नद्या आल्या, आणि एकीचे नाव घेणे म्हणजे दुसरीच्या काठावरून उठून येणे, असे काहीतरी वाटू लागले. हा विचार शास्त्राला धरून नाही, हे मला समजत होते. बाहेरून पत्नीने विचारले, "काय झालं? अडलात का?" मी उत्तर देण्यासाठी मान वळवली, आणि तीराचे नाव घेण्याआधीच पळीतले पाणी ताम्हनात पडून गेले होते.